मधला स्कॅन

शुभदा,

इथे हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून द्या, असा निरोप आला. सोबत सूचनाही होती, की प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख असं काहीतरी असू द्या, वाचणाऱ्यांना बरं वाटतं. मला ते जमणार नाही. तू मनमिळाऊ नव्हतीस. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ड्यूटी आहे म्हणून कळवायचीस आणि घरी रजई ओढून झोपायचीस. फोनवर कुणी फार वेळ बोलायला लागलं की न सांगता फोन माझ्या हातात द्यायचीस. आणि हसतमुख तर तू कामावर मुद्दाम नव्हतीस. त्यामागचं कारण या लेखात पुढे येईलच, कारण माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

तू गेलीस त्याला सात आठवडे झाले. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, तीन दिवस गेले, संपलं. त्या तीन दिवसांत तू बोलली नाहीस, म्हणून त्यांच्याबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते लोक भेटायला येऊन जे बोलतात त्याबद्दल. सगळे एकच वाक्य बोलतात. निदान शांत मनाने गेली, तुमची काळजी मिटली होती तिची. तुझ्या स्कॅन सेंटरमधले लोक बोलले, माझ्या बँकेतले बोलले, शेजारच्या शुक्ला भाभी तर डोळे पुसत बोलल्या. मी प्रत्येक वेळी मान हलवली. आता हलवणार नाही. तुझी काळजी मिटली होती, कारण मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. हे पान त्याचं आहे. छापायचं की नाही ते अंकवाल्यांनी ठरवावं.

गेल्या वर्षी होळीच्या आधी माझ्या कंबरेत कळ आली आणि मी बँकेच्या काउंटरमागे जमिनीवर बसलो. मुतखडा असणार हे सगळ्यांनाच कळलं. तू म्हणालीस, सरळ माझ्याकडे ये, पोटाचा सीटी काढून टाकू. तेवीस वर्षं तू लोकांना त्या टेबलावर झोपवत होतीस, मी मात्र पहिल्यांदाच झोपलो. काचेपलीकडे तू बसलेली होतीस, तुझ्या हाताखालचा तो रिझवान बाजूला उभा होता. पाच मिनिटांत झालं. तू आत आलीस, माझ्या खांद्याखाली हात घातलास आणि म्हणालीस, "हो गया। आराम से उठिए। कपड़े ठीक कर लीजिए।"

घरी तू मला अरे विन्या म्हणायचीस. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात माझ्या आईने त्यावर नाक मुरडलं होतं, तरी तू बदलली नाहीस. आणि इथे तू मला उठिए म्हणालीस. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, तर तिथे काही नव्हतं. पाटी पुसल्यासारखा चेहरा. हा चेहरा तू मला पूर्वी घरी करून दाखवला होतास, नक्कल म्हणून. तू सांगायचीस, आतलं सगळं आधी आम्हाला दिसतं, पण बोलायचा हक्क आम्हाला नाही, ते डॉक्टरांचं काम. पेशंट मात्र आमच्याच तोंडाकडे बघतो. हसलो तर समजतो सगळं ठीक आहे, कपाळाला आठी पडली तर तिथेच खचतो. म्हणून तोंड पुसून टाकायचं. नव्या पोरांना तू हेच आधी शिकवायचीस, मशीन नंतर. रिझवानला तू पहिला महिनाभर फक्त तोंड पुसायला शिकवलंस, असं तूच हसत सांगितलं होतंस.

त्या दिवशी तू मला पेशंट केलंस आणि त्यावरूनच मला कळलं की मुतखड्याहून वेगळं काहीतरी आहे.

संध्याकाळी तू स्वयंपाकघरात बोलावलंस. रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीने आला होता, म्हणजे तुला आता बोलायचा हक्क होता. तू सांगितलंस की पोटाच्या सीटीत वरच्या टोकाला फुप्फुसाचा तळ येतो, आणि उजव्या बाजूला तिथे एक ठिपका दिसतोय. रिपोर्टात त्याला नोड्यूल म्हटलंय. मग तू वाटाण्यांची बरणी काढलीस, एक सुका वाटाणा ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "सात मिलीमीटर. एवढी गाठ. घाबरायचं असेल तर एवढंच घाबर."

मी तो वाटाणा उचलला आणि बरणीत परत टाकला. तू म्हणालीस, "आता शोध बघू कोणता तो." तुला हसू आलं. मला आलं नाही.

तू मला पुन्हा पुन्हा समजावलंस आणि मी दर वेळी अर्धंच ऐकलं. आज सगळं आठवतंय. अशा गाठी खूप जणांच्या फुप्फुसात असतात, कधीतरी होऊन गेलेल्या टीबीचा वण असतो, जुन्या संसर्गाची खूण असते, बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण मी पंधरा वर्षं सिगारेट ओढली होती, म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. कड गुळगुळीत आहे की काटेरी, आत चुना साठलाय की नाही, हे बघतात, पण लहान गाठीत त्यावरून पक्कं काही ठरत नाही. इतक्या लहान गाठीत सुई घालून तुकडा काढणंही सोपं नसतं. मग काय करायचं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, थांबायचं. एका फोटोवरून गाठीचा स्वभाव कळत नाही, त्याला दोन फोटो लागतात. दुसऱ्या दिवशी तू माझ्या पूर्ण छातीचा सीटी काढलास, तो पहिला फोटो. गाठ ती एकच निघाली. दुसरा फोटो सहा महिन्यांनी.

थांबायचं, हे तू इतकं सहज म्हणालीस. तुला ते येत होतं. मला येत नव्हतं. बँकेचे जिने चढताना मी श्वास मोजायचो. खोकला आला की रुमाल बघायचो. मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं ऐकताना माझा हात आपोआप उजव्या बरगडीवर जायचा. तू सांगितलं होतंस, फोनला विचारू नकोस, मला विचार. मी फोनलाच विचारलं, कारण फोनला माझा चेहरा दिसत नव्हता.

मरणाची भीती होती असं लिहिलं तर ते भारदस्त वाटेल, पण खरं नाही. मला सांगितलं जाण्याची भीती होती. समोर कोणीतरी बसेल, तोंड पुसलेलं असेल, आणि मग ते नाव घेतील. नाव घेतलं नाही तोवर तो नुसता ठिपका आहे, असं मी स्वतःला पढवलं होतं. शिकलेला माणूस आहे मी. कर्जाची फाइल अर्धवट माहितीवर पुढे पाठवली तर ज्युनियर लोकांना झापतो. स्वतःची फाइल मात्र उघडायला तयार नव्हतो.

सप्टेंबर आला. मी म्हणालो, सहामाहीचं क्लोजिंग आहे. मग नवरात्र आलं. मग दिवाळीला अमरावतीला आईकडे जायचं होतं, जाण्याआधी वाईट बातमी नको. तू एकेक कारण ऐकून घेतलंस आणि मग भांडायला लागलीस. घरात आपली लेक ऋचा होती. तिला मराठी बोलायचा कंटाळा, पण समजतं सगळं, म्हणून आपण भांडायला लष्कराच्या कँटमध्ये जायचो. तेलीबागच्या घरून गाडी काढायची, कँटच्या एखाद्या मोकळ्या रस्त्याला लावायची आणि झाडांखालून चालत भांडायचं. आजूबाजूला कुणाला मराठी कळत नाही ही केवढी सोय. एकदा तू खूप मोठ्याने म्हणालीस की तू भित्रा आहेस विन्या, सरळ भित्रा, आणि तुझ्या भित्रेपणाला मी रोज डबा भरून देते. तेवढ्यात सायकलवरून चाललेला एक जवान ब्रेक मारून थांबला आणि मागे वळून अगदी आदबीने म्हणाला, "ऐका की वहिनींचं, साहेब."

साताऱ्याकडचा असावा. तू इतकी हसलीस की तुला फुटपाथवर बसावं लागलं. भांडण तिथेच राहिलं. आपली बरीचशी भांडणं अशीच तुझ्या हसण्याने अर्धी राहिली आहेत आणि ती आता माझ्याकडे पडून आहेत.

दिवाळीनंतर मी एक अट घातली. स्कॅन करतो, पण तुझ्या सेंटरमध्ये नाही. तू विचारलंस का. मी म्हणालो, "तू आधी बघशील आणि माझ्यासमोर तोंड पुसून येशील. मला ते परत बघायचं नाही."

हे बोलायला नको होतं. ज्या गोष्टीने तू हजारो माणसांना सांभाळलंस, तीच मी तुझ्या अंगावर फेकली. तू म्हणालीस बरं, दुसरीकडे कर. छातीच्या सीटीची सीडी पाकिटात घातलीस, त्या सेंटरमधल्या लोकांसाठी एक चिठ्ठी लिहिलीस की मागच्या फोटोशी ताडून बघा, काप तितक्याच जाडीचे घ्या. पाकिटावर माझं नाव लिहिलंस, खाली रेघ मारलीस. मला ते शाळेत पहिल्या दिवशी पाठवल्यासारखं वाटलं आणि मी त्याचीही थट्टा केली.

मी गेलो, शुभदा. अलीगंजच्या त्या सेंटरपर्यंत गेलो. गाडी लावली. समोर काचेचं दार होतं, त्यातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती. मी पाऊण तास गाडीत बसलो. मग गाडी वळवली, बँकेत आलो, पाकीट खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि दिवसभर काम केलं. त्या दिवशी काम छान झालं, हेही कबूल करतो.

संध्याकाळी तू दारातच विचारलंस. मी म्हणालो, केला. फरक नाही. जशी होती तशीच आहे.

"मोजली किती?"

हा प्रश्न येणार हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, सातच. तू म्हणालीस, "सात पॉइंट किती?"

मी म्हणालो, "सात पॉइंट एक."

खोट्याला मी दशांश लावला. आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत मला याची सर्वांत जास्त लाज वाटते. नुसतं ठीक आहे म्हटलं असतं तर तो घाबरलेल्या माणसाचा पळपुटेपणा म्हणता आला असता. पॉइंट एक हा हिशेबी माणसाचा होता. तुझ्या धंद्याची भाषा वापरून मी तुला फसवलं. रिपोर्ट कुठेय विचारलंस, तर ऑफिसात राहिला म्हणालो. तू चप्पल घालत होतीस की काढत होतीस आठवत नाही, एका पायात होती एवढं आठवतं. तू तशीच भिंतीला टेकलीस आणि रडलीस. होळीपासून तू रडली नव्हतीस. आठ महिने तू माझ्यासमोर तोंड पुसून वावरत होतीस, हे मला त्या क्षणी दिसलं. आणि तरी मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तू आम्हा दोघांना उठवून चौकात नेलंस. थंडी नुकतीच सुरू झाली होती, दुधाच्या फेसाच्या गोड मक्खन मलाईच्या पहिल्या पराती लागल्या होत्या. बाहेरचं खायला एरवी तू तोंड वाकडं करायचीस, त्या दिवशी दोन द्रोण संपवलेस आणि भैयाला म्हणालीस, इनको भी एक और दीजिए, आज ये पास हुए हैं. ऋचाने विचारलं, किस चीज़ में? तू म्हणालीस, वाटाण्यात. मी खाल्लं. जिभेवर ठेवलं की विरघळतं ते, गिळायला काही उरत नाही, आणि मला ते गिळता येत नव्हतं.

मी ठरवलं होतं की गुपचूप स्कॅन करून टाकायचा आणि मग खरं खोटं एक होऊन जाईल. पुढच्या आठवड्यात. मग त्याच्या पुढच्या. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

तेराव्यानंतर मी अमरावतीला ताईला फोन करून हे सगळं सांगितलं. माझी थोरली बहीण, तिच्यापासून मला कधी काही लपवता आलं नाही. ती म्हणाली, "अरे, तिला कळलंच असेल. बायकांना कळतं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलली नसेल." मी त्या वाक्याला धरून राहिलो. रिपोर्ट तू दुसऱ्यांदा मागितला नव्हतास, हे खरंच होतं. तू माणसांचे चेहरे वाचायचीस, माझा वाचला नसशील कशी? तुला माहीत होतं, तू मला माफ करून गेलीस, अशी एक सोयीची शुभदा मी पंधरा दिवस मनात बाळगली. ती तुझ्यासारखी दिसायची, पण ती मनमिळाऊ होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ऋचाला सांगितलं ते मकरसंक्रांतीच्या दिवशी. गाठीचं तिला अर्धवट ठाऊक होतं, खोट्याचं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "आई को पता था?" मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "पता नहीं मतलब नहीं।" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवत म्हणाली की अपॉइंटमेंट मैंने ले ली है, आई के सेंटर में, कल ग्यारह बजे. मी म्हणालो तिथे नको, सगळे ओळखतात. ती म्हणाली, इसीलिए. पोरगी तुझ्यावर गेली आहे. एरवी मी हे कौतुकाने म्हणायचो, त्या दिवशी घाबरून म्हणालो.

धुकं इतकं होतं की गाडी रांगत नेली. खणातलं पाकीट आदल्या दिवशीच घरी आणलं होतं, तुझी चिठ्ठी अजून त्यातच होती. रिझवानने मला बघितलं आणि त्याचे डोळे भरले. मग त्याने ते आवरलं. ऋचाला बाहेर बसवून तो मला आत घेऊन गेला. त्याच्याकडे माझी जुनी फाइल काढून ठेवलेली होती. सीडी घेतली, पाकीट उलटं करून झटकलं आणि म्हणाला, "और बीच वाले स्कैन की सीडी, सर? नवंबर वाले की।"

मी विचारलं, कुठला नोव्हेंबरचा.

त्याने फाइल माझ्याकडे वळवली. वरच्या कागदावर तुझं अक्षर होतं. पुढच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांना सोपं जावं म्हणून तू माझ्या गाठीची हकीकत लिहून ठेवली होतीस, तारखांसकट. शेवटची ओळ होती की नोव्हेंबरात बाहेर स्कॅन झाला, माप सात पॉइंट एक, स्थिर. खाली रेघ. रिझवान म्हणाला, मैडम ने उस दिन सबको समोसे खिलाए थे, सर.

म्हणजे तुला कळलं नव्हतं. ताईचं ते वाक्य तिथेच संपलं. तू मला माफ केलं नव्हतंस, कारण माफ करण्यासारखं काही झालंय हेच तुला माहीत नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास, तोही तुझ्या पद्धतीने, कागदावर उतरवून.

रिझवान वाट बघत होता. एक सोपी वाट माझ्यासमोर उघडी होती. सीडी हरवली म्हणायचं. तो हळहळला असता आणि पुढे गेला असता. डॉक्टरांनी तुझी ओळ वाचून लिहिलं असतं की मध्ये स्थिर होती. समजा आता गाठ वाढलेली निघाली, तर ती होळीपासून वाढतेय की नोव्हेंबरपासून, याचा अंदाज त्या खोट्या आकड्यावरून बांधला गेला असता. तुझ्या अक्षरातलं माझं खोटं माझ्याच फुप्फुसाविरुद्ध साक्ष द्यायला तिथे बसलं होतं. दोन फोटोंच्या मध्ये मी एक न काढलेला फोटो घुसवला होता.

मी म्हणालो, "बीच में कोई स्कैन नहीं हुआ। मैंने कराया ही नहीं था। मैडम से झूठ बोला था।"

रिझवानने माझ्याकडे पाहिलं. आणि मग, शुभदा, तुझ्या त्या शिष्याने तोंड पुसलं. माझ्या डोळ्यांसमोर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काही उरलं नाही. पूर्वी मी त्या चेहऱ्याला घाबरायचो. त्या दिवशी तो मला शिव्यांपेक्षा जास्त लागला आणि मी तो पूर्ण घेतला, नजर न वळवता. मी म्हणालो, ती ओळ काढून टाक. त्याचं पेन कागदाजवळ गेलं आणि थांबलं. "मैडम की लिखाई है, सर। मुझसे नहीं होगा।"

म्हणून ती मी खोडली. तुझ्या अक्षरावर आडवी रेघ ओढली, बाजूला लिहिलं की ही माहिती चुकीची होती, पेशंटने खोटी दिली होती, आणि सही केली. बँकेत खाडाखोड झाली की सही लागते, ती सवय. घरी तुझं अक्षर असलेला प्रत्येक कागद, वाण्याच्या यादीपर्यंत, ऋचाने आणि मी जपून ठेवला आहे. ही एक ओळ मला जपायची नव्हती. ती तुझी नव्हतीच.

मग मी झोपलो, श्वास रोखला, सोडला, बाहेर आलो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. डॉक्टर मॅडमनी समोर बसवून सांगितलं की होळीच्या आधीच्या फोटोशी ताडून पाहिलं, खास फरक नाही. माप जवळजवळ तेच आहे. आता साल भर बाद एक बार और. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की छह महीने बोला था, आप दस महीने में आए हैं, किस्मत अच्छी है आपकी.

म्हणजे मी दारात उभं राहून जे बोललो होतो, ते खरं निघालं. फरक नाही, जशी होती तशीच आहे. सगळं मिटलं असं म्हणायला मी मोकळा झालो, असं ताईला वाटतं. ती फोनवर म्हणाली, बघ, देवाने तुझं खोटं खरं केलं. मी तिला पहिल्यांदा उलट बोललो. म्हणालो, ताई, देवाने गाठ सांभाळली असेल, माझं खोटं त्याच्या माथी मारू नकोस. न बघता रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, म्हणून तो बघून ओलांडला असं होत नाही. हे नशीब मी घेतो, पण पावती म्हणून घेत नाही.

आणि तुलाही एक सांगायचं आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवलास त्यात चुकलीस, असं मी म्हणणार नाही. लोक उद्या म्हणतील की एवढी हुशार बाई, रिपोर्ट न बघता कशी मानली. तू तेवीस वर्षं परक्या माणसांच्या आतलं मशीनने बघत आलीस. घरात तरी एका माणसाचं मशीनशिवाय मानावं, एवढा तुझा हक्क होता. तो हक्क मी मोडला, तू नाही. त्यामुळे शांत मनाने गेली, हे वाक्य आता आपल्या घरात कुणी बोलू नये असं मी सांगून टाकलंय. शुक्ला भाभींना वाईट वाटलं. वाटू दे.

मी अजून घाबरतो. खोकला आला की रुमाल बघतो. पण पुढच्या वर्षी जाणार, आणि गाठ वाढलेली निघाली तर ते नाव ऐकून घेणार, आणि मग जे करायचं ते करणार. ते तुझ्या आठवणीसाठी नाही. जिवंत माणसाने करायचं साधं काम आहे ते, तू कँटच्या रस्त्यांवर ओरडून हेच सांगत होतीस.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो तेव्हा ऋचा गाडीत बसली होती. मी आत बसत म्हणालो, फरक नाही. तिने नुसता हात पुढे केला. मी रिपोर्ट दिला. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, शेवटच्या निष्कर्षावर उडी मारली नाही. मग जुना रिपोर्ट मांडीवर उघडला आणि दोन्हींतले आकडे बोट ठेवून ताडून बघितले. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता आणि तिने तो आहे असं दाखवलंही नाही. नोव्हेंबरात हे तुला मी करू द्यायला हवं होतं, दारात, एका चपलेवर. मागच्या गाडीने हॉर्न दिला, जागा हवी होती त्याला. मी किल्लीकडे हात नेला.

"पढ़ने दीजिए, बाबा," ती म्हणाली.

मागचा हॉर्न वाजत राहिला. तिचं वाचून होईपर्यंत मी गाडी जागची हलवली नाही.